बास्केटबॉलचं खाजगी कोचिंग लावायचं का? परभणीच्या पालकांसाठी थोडा हिशेब

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आपल्या जिल्ह्याची जुनी म्हण. बास्केटबॉलपुरतं बोलायचं तर जर्मनीने आपला वाटा उचलला आहे. 2023 साली मनिलामध्ये झालेल्या अंतिम सामन्यात सर्बियाला 83-77 असं हरवून जर्मनीने विश्वचषक जिंकला. परभणीचा वाटा अजून बाकी आहे. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या मुलांच्या मोबाईलमध्ये क्रिकेटच्या शेजारी बास्केटबॉलचे व्हिडिओ दिसायला लागले आहेत. आठवी-नववीतला मुलगा घरात येऊन सांगतो की सर म्हणाले उंची चांगली आहे, पर्सनल कोचिंग लावा. मग अब्बांसमोर प्रश्न उभा राहतो. गणिताच्या ट्यूशनची फी आधीच चालू आहे, त्यात ही आणखी एक. देऊन फायदा होईल का?

या लेखात आम्ही तोच हिशेब मांडतो आहोत. कोचिंग लावा किंवा लावू नका असं आमचं सरसकट म्हणणं नाही. पैसे नेमके कशाचे द्यायचे आणि कशाचे अजिबात द्यायचे नाहीत, एवढं पालकांना कळलं तरी खूप झालं.

आधी एक फरक समजून घेऊ. शाळेचे क्रीडा शिक्षक जे करतात ते संघाचं कोचिंग. बारा-पंधरा मुलांना घेऊन सामना कसा खेळायचा, कोण कुठे उभा राहील, बचाव कसा लावायचा हे ते शिकवतात. स्पर्धेच्या तोंडावर तेवढंच होतं, आणि त्यात सरांचा दोष नाही. त्यांच्या गळ्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, शिवाय परेड आणि निवडणुकीची कामंही असतात. खाजगी कोचिंग म्हणजे एका मुलाच्या किंवा दोन-चार मुलांच्या कौशल्यावर काम. डाव्या हाताने ड्रिबल, दोन्ही बाजूंनी ले-अप, शॉट मारताना कोपर कुठे आहे, पाय कसा वळतो. म्हणजे भाषेच्या तासाला निबंध शिकवतात आणि घरी कुणी हस्ताक्षर सुधारून घेतं, तसं काहीसं.

आता खरा हिशेब. समजा मैदानावर 20 मुलं आहेत, रिंग एक आहे आणि वेळ एक तास. वॉर्मअप आणि सामना वजा करून शॉटच्या सरावाला अर्धा तास मिळाला, असं धरू. एक शॉट मारणं आणि बॉल परत आणणं याला 10 सेकंद लागतात. अर्ध्या तासात 180 शॉट झाले. 20 मुलांत वाटले तर एकाच्या वाट्याला फक्त 9 आले. तीनच मुलं असतील तर प्रत्येकी 60. मुलगा एकटा असेल आणि कुणीतरी बॉल उचलून देत असेल तर सगळे 180 त्याचेच.

हा हिशेब पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. खाजगी कोचिंगच्या फीचा मोठा भाग बॉल उचलून देणाऱ्या माणसाचा असतो. ते काम मोठा भाऊ करू शकतो, फजरनंतर अब्बा करू शकतात. कोचकडून विकत घ्यायची गोष्ट आहे ती त्याची नजर. तुमच्या मुलाचा शॉट कुठे बिघडतो आहे हे ज्याला दोन मिनिटांत दिसतं, तो कोच. म्हणून आमचं मत असं की आठवड्यातून सहा दिवस पैसे मोजण्यापेक्षा एक किंवा दोन दिवस चांगल्या कोचकडे पाठवा आणि बाकीचे दिवस त्याने दिलेला गृहपाठ मुलाने स्वतः करावा. जो कोच गृहपाठ देत नाही, त्याच्याकडे मुलगा महिना-दीड महिन्यात अडकून पडतो.

ड्रिबलला तर रिंगही लागत नाही. अंगणात, गच्चीवर, गल्लीत दररोज 15 मिनिटं, त्यातली दहा मिनिटं कमजोर हाताने. शेजारच्या चाचींची दुपारची झोप मोडणार नाही अशी वेळ तेवढी निवडा.

कोचची नजर म्हणजे काय, याचं एक उदाहरण देतो. रिंगचा आतला व्यास 45 सेंटीमीटर असतो आणि पुरुषांच्या 7 नंबर बॉलचा साधारण 24 सेंटीमीटर. म्हणजे वरून सरळ पडला तर बॉलला भरपूर जागा आहे. पण बॉल तिरका येतो. 45 अंशात आला तर त्याला रिंगची उघडी जागा सुमारे 32 सेंटीमीटरच 'दिसते'. 30 अंशात, म्हणजे अगदी सपाट आला तर फक्त साडेबावीस. बॉल 24 चा आणि जागा साडेबावीसची, मग तो सरळ आत जाणार कसा? बोर्डाला किंवा कडेला लागून गेला तर नशीब. म्हणून चांगला कोच पहिल्या दिवसापासून 'उंच मार, कमान कर' असं ओरडत असतो. दहा वर्षांचं पोरगं मात्र मोठा बॉल घेऊन 3.05 मीटर उंच रिंगवर मारायला जातं, ताकद पुरत नाही, मग छातीपासून ढकलतं. शॉट सपाट जातो आणि तीच सवय लागते. पुढे सोळाव्या वर्षी ती सवय मोडायला दुप्पट मेहनत पडते.

यावर उपाय महाग नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 5 नंबरचा बॉल आणि 2.60 मीटर उंचीची रिंग वापरतात, त्यालाच मिनी बास्केटबॉल म्हणतात. मुली आणि महिलांचा बॉल 6 नंबरचा. दुकानदार सरळ 7 नंबर हातात ठेवतो, तेव्हा बॉल घेताना नंबर बघूनच घ्या. कोच निवडतानाही ही एक सोपी परीक्षा आहे. नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात 7 नंबर देऊन थ्री-पॉइंट मारायला लावणारा कोच असेल, तर तुम्ही दुसरा शोधा.

एकट्याच्या कोचिंगमध्ये काय शिकता येत नाही, तेही सांगायला हवं. समोर दोन जण आडवे आले आहेत, डावीकडे साथीदार मोकळा आहे, घड्याळ संपत आलं आहे, आता पास द्यायचा की शॉट घ्यायचा? हा निर्णय शंकूंभोवती ड्रिबल करून येत नाही. तो खेळूनच येतो. रीलमध्ये दोन बॉल घेऊन झपाझप ड्रिबल करणारी मुलं प्रत्यक्ष सामन्यात बॉल घालवून बसतात, ती यामुळेच. खाजगी कोचिंग लावलं म्हणून शाळेचा संघ सोडू नका. आणि 'शाळेच्या टीममध्ये खेळू नको, माझ्याकडेच ये' असं सांगणारा कोच मुलाचं नुकसान करतो आहे, हे ध्यानात ठेवा.

नागपाड्याने फीशिवाय करून दाखवलं

महाराष्ट्रात बास्केटबॉल म्हटलं की पुणे, नागपूर ही नावं येतात. नागपूरची सिया देवधर, पुण्याची शिरीन लिमये या मुली भारताकडून खेळल्या. पण आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावी अशी गोष्ट मुंबईच्या नागपाड्याची आहे.

नागपाडा म्हणजे दाटीवाटीची मुस्लिमबहुल वस्ती. 1927 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने तिथे नागपाडा नेबरहूड हाऊस नावाचं केंद्र सुरू केलं. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे संचालक. आज टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून जी संस्था देशभर ओळखली जाते, तिची सुरुवात 1936 मध्ये याच इमारतीत झाली. पण वस्तीतल्या पोरांना समाजशास्त्राशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना अंगणातलं बास्केटबॉल कोर्ट दिसत होतं.

तिथून खेळाची अशी परंपरा उभी राहिली की नागपाड्याची गणना देशातल्या बास्केटबॉलच्या जुन्या केंद्रांत होते. गुलाम अब्बास मुंतसिर हे तिथलंच नाव. ते भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांना घडवणारे बच्चू खान यांच्या नावाने नागपाड्यात आज महापालिकेचं मैदान आहे. जवळच मस्तान तलावाचं कोर्ट.

नागपाड्यात खाजगी कोचिंग नव्हतं असं म्हणता येणार नाही. होतं, फक्त त्याला फी नव्हती. मोठी मुलं लहान मुलांना शिकवायची. शाळा सुटली की कोर्टावर, आणि तिथे कुणी ना कुणी सीनियर उभा असायचाच. त्याने 'कोपर आत घे' म्हणून टपली मारली की झालं कोचिंग. ज्याला असं शिकायला मिळालं, तो मोठा झाल्यावर त्याच कोर्टावर शिकवायला उभा राहिला. वर सांगितलेला हिशेब पुन्हा बघा. बॉल उचलून देणारा माणूसही तोच आणि नजरही त्याचीच, दोन्ही फुकट.

जर्मनीचा प्रसिद्ध खेळाडू डर्क नोविट्स्की यालाही असाच एक माणूस भेटला. होल्गर गेश्विन्डनर, स्वतः जर्मनीकडून ऑलिम्पिक खेळलेला. त्याने किशोरवयीन डर्कला हेरलं आणि एका छोट्या गावातल्या हॉलमध्ये वेगळा सराव सुरू केला. शॉटच्या कोनाचं गणित मांडणारा हा माणूस. आणि त्याचा आग्रह काय होता, तर शाळेचं शिक्षण पूर्ण झालंच पाहिजे. डर्कने शाळा पूर्ण केली, मग अमेरिकेत गेला, आणि 2011 मध्ये डॅलसच्या संघासोबत एनबीएचा विजेता झाला. आपल्याकडे खेळ म्हणजे अभ्यास बुडवणं असा जो समज आहे, त्यासाठी हे उदाहरण घरात सांगण्यासारखं आहे.

मुलींचं काय?

हा प्रश्न पालक उघड विचारत नाहीत, पण अडतं ते इथेच. मुलगी सातवीपर्यंत खेळते, मग बंद. कारणं आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. कपडे, मैदानावरची टवाळ मुलं, संध्याकाळची वेळ, 'लोक काय म्हणतील'.

कपड्यांच्या प्रश्नाचं उत्तर खेळाच्या नियमांतच आता आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ शोधला. त्याच स्प्रिंगफिल्डची एक मुलगी बिल्किस अब्दुल कादिर. शालेय बास्केटबॉलमध्ये तिने 3,000 च्या वर गुण केले, तिच्या राज्यात तो विक्रम ठरला. पुढे हिजाब घालून अमेरिकेच्या अव्वल विद्यापीठ स्पर्धेत खेळणारी ती पहिली मुलगी. पण व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटना फिबाचा नियम आडवा आला, डोक्यावर काही घालून खेळता येत नव्हतं. बिल्किसने आणि इतर अनेक खेळाडूंनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. 2017 च्या मे महिन्यात फिबाने नियम बदलायचं ठरवलं आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून डोकं झाकून खेळायला परवानगी मिळाली. बिल्किसची स्वतःची उमेदीची वर्षं तोवर निघून गेली होती. फायदा झाला तो तिच्यानंतर येणाऱ्या मुलींना.

नियम असा आहे: डोक्यावरचं कापड काळं, पांढरं किंवा संघाच्या गणवेशाच्या मुख्य रंगाचं असावं, संघातल्या ज्या मुली घालतील त्या सगळ्यांचा रंग एकच असावा, चेहरा झाकलेला नसावा, आणि चेहऱ्याजवळ किंवा मानेजवळ पिन, बटण, गाठ असं काही नसावं, कारण त्याने दुसऱ्याला इजा होऊ शकते. म्हणजे साधी ओढणी पिनने लावून चालत नाही, डोक्यातून घालायचा ताणला जाणारा स्पोर्ट्स हिजाब लागतो. हात-पाय झाकणाऱ्या स्लीव्ह्जही एकाच रंगाच्या चालतात. स्थानिक स्पर्धेत एखाद्या पंचाला हे माहीत नसेल तर वाद मैदानावर घालू नका. शाळेच्या शिक्षकांमार्फत स्पर्धेच्या आधीच आयोजकांना लेखी कळवून ठेवा.

उरला मैदानाचा प्रश्न. मुलींचा एक गट, ठरलेली वेगळी वेळ, शक्य असेल तर महिला कोच, नसेल तर दोन अम्मी किंवा एखादी मोठी बाजी सतत हजर. एकटीला पाठवण्यापेक्षा चार मैत्रिणींनी मिळून कोचिंग लावलं तर फीही वाटली जाते. मुलींच्या बाबतीत दुखापतीचीही एक गोष्ट कोचला विचाराच. उडी मारून उतरताना किंवा एकदम वळताना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त होते. उतरताना गुडघे आत वळू न देणं, दोन्ही पायांवर मऊ उतरणं, एका पायावर तोल सांभाळणं असा दहा-पंधरा मिनिटांचा वॉर्मअप नियमित घेतला तर हा धोका बराच कमी होतो. हे ज्या कोचला ठाऊक नाही, त्याच्याकडे मुलगी पाठवताना दोनदा विचार करा.

कोच निवडताना

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा (लोक 'एनआयएस कोच' म्हणतात), बी.पी.एड., एम.पी.एड. या पदव्या असतील तर उत्तम. पण आपल्या जिल्ह्यात, विशेषतः पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेडसारख्या ठिकाणी, असा माणूस मिळेलच असं नाही. विद्यापीठ संघाकडून खेळलेला एखादा तरुणही चांगलं शिकवू शकतो. आधी दोन दिवस जाऊन नुसतं बघा. मुलं किती वेळ रांगेत उभी आहेत? कोच मोबाईलवर आहे की मुलांकडे बघतो आहे? चूक सांगताना शिवी देतो का? तो काही मोजतो का, म्हणजे 20 फ्री-थ्रोपैकी मागच्या महिन्यात किती गेले आणि आता किती जातात, याची वही ठेवतो का?

वर्षाची फी एकदम देऊ नका, महिन्याची द्या आणि पावती घ्या. निवडीची हमी देणाऱ्यापासून लांब राहा. सराव नेहमी उघड्यावर, चार लोकांना दिसेल असा असावा. बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला बोलावणं, रात्री खाजगी मेसेज करणं, पालकांना येऊ न देणं, यातलं काहीही दिसलं तर कोच कितीही नावाजलेला असो, कोचिंग थांबवा. मुलांच्या संरक्षणासाठी 2012 चा पोक्सो कायदा आहे आणि 1098 हा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालतो. इज्जतीच्या भीतीने गप्प बसायची ही गोष्ट नव्हे.

वेळेबद्दल थोडं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, तेव्हा सराव सकाळी आठच्या आत किंवा असरनंतर ऊन उतरल्यावर. मक्तबची वेळ कोचला आधीच सांगून ठेवा, बहुतेक जण जुळवून घेतात. रमजानमध्ये सराव पूर्ण बंद करायची गरज नसते. रोजा असेल तर इफ्तारच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात धावपळ न करता फक्त फ्री-थ्रो आणि जवळचे शॉट, किंवा इफ्तारनंतर हलका सराव. हकीम ओलाजुवान रोजे ठेवून एनबीएचे सामने खेळायचा, आणि फेब्रुवारी 1995 मध्ये, रमजान चालू असताना, तोच महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पण तो कसलेला खेळाडू आणि तुमचं पोर वाढीच्या वयातलं. चक्कर, डोकेदुखी वाटली तर सराव तिथेच थांबवायचा. हाच ओलाजुवान नायजेरियात आधी फुटबॉल आणि हँडबॉल खेळायचा, बास्केटबॉल त्याने पंधरा वर्षांचा झाल्यावर हातात घेतला. त्यामुळे 'आमच्या पोराला उशीर झाला' असं दहावीच्या मुलाबद्दल म्हणू नका.

हातात काय पडतं? क्रिकेटसारखा पैसा यात नाही, हे स्पष्ट सांगतो. मार्ग असा आहे: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, जिल्ह्यावरून विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. कॉलेजात गेल्यावर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा संघ. खेळाच्या पातळीनुसार दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. मात्र प्रमाणपत्र मान्यताप्राप्त स्पर्धेचंच लागतं आणि त्याची पडताळणी होते. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण चांगलंच गाजलेलं आहे. पैसे घेऊन 'नॅशनलचं सर्टिफिकेट' देतो म्हणणारा कुणी भेटला तर हात जोडा आणि निघा. जन्मतारखेचा दाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हेही आताच तपासा. शेख, सय्यद पुढे की मागे, या गोंधळात आपली मुलं ऐन वेळी अडकतात.

शेवटी नागपाड्याकडे परत येतो, कारण आमच्या मते परभणीला जास्त उपयोगी तोच रस्ता आहे. ऑलिम्पिकमध्ये टोकियोपासून तीन-तीन खेळाडूंचं बास्केटबॉल आलं आहे. त्याला पूर्ण 28 बाय 15 मीटरचं कोर्ट लागत नाही, 15 बाय 11 मीटरची जागा आणि एक रिंग पुरते. सामना 10 मिनिटांचा किंवा 21 गुणांचा. एवढी जागा आपल्या बहुतेक उर्दू शाळांच्या आवारात निघते. खांब, बोर्ड, रिंग गावातला वेल्डिंगवाला करून देतो. बोर्ड 1.80 बाय 1.05 मीटर, रिंग आतून 45 सेंटीमीटर, कड 3.05 मीटरवर, आणि लहानांसाठी खाली घेता येईल अशी सोय 2.60 वर. एकच काळजी घ्या, खांब रिंगच्या बरोबर खाली नको. बोर्ड खांबापासून किमान सव्वा मीटर पुढे निघालेला हवा आणि खांबाला गादी किंवा जाड फोम गुंडाळलेला हवा, नाहीतर ले-अप मारणारं पोर सरळ खांबावर जाऊन आदळतं.

आठ-दहा घरांनी मिळून हा खर्च उचलला आणि आठवड्यातून एक दिवस कोच बोलावला, तर प्रत्येक घरावर पडणारा बोजा एकट्याच्या कोचिंगपेक्षा कमी राहील. बाकीचे दिवस अकरावी-बारावीची मुलं लहानांना शिकवतील. शाळेच्या संस्थाचालकांकडे अर्ज द्यायचा असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी द्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रवेशाच्या गडबडीत कुणी लक्ष देत नाही, आणि पावसाळ्यात काँक्रीट नीट होत नाही.